अमेरिकेची वाटणी

माझ्या पीएचडीचं एक प्रकरण गाईडनं दोनदा परत केलं. म्हणले, खरं कारण कुठंय? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फुटून निघालेल्या राज्यांच्या एका पुढाऱ्याच्या भाषणांचं पुस्तक घेऊन मी उमरीला घरी बसलो होतो. आमचे तात्या, म्हणजे चुलते, गावातल्या वाटण्या करून देतात. त्यांनी विचारलं, "कामून फुटायलेत हे?"

"मान राहिला न्हाई म्हणतेत. पन्नास पानं तेच हाय."

"वाटणीला बसलेला माणूस पहिले मानपानच काढतो. उठता उठता विहिरीच्या हिश्श्यावर येतो. शेवटचं पान बघ."

बघितलं. लिहिलं होतं, गुलाम आमची मालमत्ता आहे, ती आम्ही सोडणार नाही.

तात्यांनी चहा बशीत ओतला. "निघाली का विहीर?"