न विचारता

तो पुष्पगुच्छ ठेवा तिथे, आणि बसू नका, दोन मिनिटांत निघायचंय तुम्हाला. मला प्रेमाने उचललंत, हे ऐकलं मी. दोनदा ऐकलं. तुमच्या कंपनीचा समारंभ, लोकांना हसवायला मला बोलावलंत, शेवटी गुच्छ द्यायचा — मग वाकायचं होतं ना? कंबर दुखते का तुमची? नाही ना? मग काखेत हात घालून, भरल्या सभागृहासमोर, माझे पाय हवेत लोंबकळत — अहो साहेब, उंची पोरीची असली तरी मी एकेचाळीस वर्षांची बाई आहे. तुमच्या अकाउंट्सच्या बाईंना उचलाल असं? बघा, नुसत्या विचाराने कान लाल झाले तुमचे.

सुरुवातीला माझी ओळख करून दिलीत, तेव्हाच कळायला हवं होतं. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ — दर माइकवर, जणू बोलणाऱ्याला आत्ताच सुचलंय. ही म्हण ज्याने केली ना, तो चांगला सहा फूट असणार. पण ते मी खपवून घेते. आणि पुढे छान चाललं होतं की — लिफ्टमधली वरची बटणं हाताला लागत नाहीत म्हणून माझे सगळे मित्र तिसऱ्या मजल्यापर्यंतच राहतात, याला तुमचे लोक हसले. माझ्या बोलण्याला हसले. आज ते महत्त्वाचं होतं. का म्हणजे — बाबा आले होते. तिसऱ्या रांगेत, कडेला, राखाडी स्वेटर. पहिल्यांदाच.

इतकी वर्षं कार्यक्रम करतेय, एकदा आले नाहीत. म्हणायचे, लोक तुझ्या बोलण्याला हसतायत की तुला, ते मला तिथे बसून ओळखता नाही आलं तर? इलेक्ट्रिशियन माणूस — घरातली सगळी बटणं माझ्या हाताला येतील अशी खाली घेतली त्यांनी, आमच्याकडे आलेला पाहुणा दिवा लावायला वाकतो. मी लहान असताना मामाने एका लग्नात मला उचलून टेबलावर ठेवलं, म्हणाला, नाच — तर बाबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, तिला खाली ठेव, आणि यापुढे तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मामा अजून आमच्या घरी येत नाही. अशा माणसाला मी वर्षभर मागे लागून आणलं — या, बघा, आता मला नाही हसत कोणी. आणि तुम्ही —

काय? मीही हसत होते? हो. होते हसत. वरून मीच म्हणाले, ‘साहेब, इथून तुमचं टक्कल काय सुंदर दिसतं’ — आणि लोक कोसळले हसून. अख्ख्या कार्यक्रमातला सगळ्यात मोठा हशा. सवय हो, कोणी उचललं की आपणच आधी बोलायचं, म्हणजे... म्हणजे काही नाही. टाळ्या चालू असताना बाबा पुढे आले, माझी एक चप्पल खाली पडली होती ती उचलली, स्टेजच्या कडेला ठेवली, म्हणाले, ‘छान हसले लोक’, आणि बाहेर गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गाडीत बसलेत आता. आणि मी इथे — मेकअप कधीचा पुसून झालाय, पण बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसायचं... ते सोडा. तुमच्या लोकांनी काढलेला तो व्हिडिओ कुठेही टाकायचा नाही, एवढंच सांगायला थांबले होते. कळलं? — कुठे निघालात? त्यांची माफी मागायला? मुळीच नाही. तुम्ही माफी मागाल, ते म्हणतील ‘असू दे’, आणि तुम्ही मोकळे. त्या माणसाने माझ्या बाबतीत आजवर कोणालाही ‘असू दे’ म्हटलेलं नाही. आज म्हणतील. मागच्या दाराने जा तुम्ही.