दसऱ्याची डिलिव्हरी

कार्डिफच्या गार्डन सेंटरमध्ये, बिलाच्या रांगेत माझ्यापुढे पंचाहत्तरीचं एक मराठी जोडपं उभं होतं. रांगेच्या कडेला गवत कापायचा, वर बसून चालवायचा लॉनमोवर मांडून ठेवला होता आणि आजोबांचा हात त्याच्या स्टिअरिंगवर होता.

"सुलक्षणा, इंजिन बघ. रिलायबल आहे, पाच वर्षांची वॉरंटी देतायत."

"अहो, आपलं लॉन केवढं? यावर बसून वळलात की थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात जाल."

"याचं टर्निंग उत्तम आहे. मी सगळे रिव्ह्यूज वाचलेत."

"उन्हाळाभर तेच वाचताय. आपला इवान येतो की गवत कापायला."

"तो कडेचं गवत तसंच सोडतो."

"डोळ्यांमुळे तुमचं लायसन्स गेलं, आपला मिहीर बापाची गाडी घेऊन गेला, तेव्हापासून हा इवान वाईट झालाय."

"याला लायसन्स लागत नाही. मी विचारून घेतलंय."

"डोळे तरी लागतात का, तेही विचारायचं होतं."

"हेडलाइट्स आहेत त्याला."

"गवत काय अंधारात कापणार आहात?"

"गाडीला हेडलाइट्स असतातच."

"बरं. शनिवारी आणून देतील का?"

"नको. मी दसऱ्याची डिलिव्हरी मागणार आहे. हार घालू, नारळ फोडू. मंडळातल्या सगळ्यांना चहाला बोलाव."

"अहो, दसऱ्यापर्यंत थंडी पडेल. तेव्हा गवत वाढतं तरी का?"

"इथे गवताचा काय संबंध?"