तुतीची शेवटची रेघ

रुईफांग : उठा ना बाई. काचवाला नऊला येतोय, त्याच्या आत ही खुर्ची दोरीपलीकडे सरकवायचीय.

बाई : माझी खुर्ची आहे ती.

रुईफांग : होती. आता तिला नंबर पडलाय. पायाला चिकटवलाय बघा, सतरा.

बाई : आणि मला?

रुईफांग : तुम्हाला कसला नंबर? तुम्ही माणूस आहात.

बाई : मग माणसाला बसू दे. महिनाभर रोज सकाळी बसू देत होतीस, आजच काय अंगात आलं तुझ्या?

रुईफांग : आज साहेब येतायत. म्हणजे तुमचे भाचे. उद्या उद्घाटन आहे नि मी अजून कच्ची नोकर. पाहुण्यांना घर दाखवायला ठेवलीय मला, तुम्हाला टेबलाशी बसवायला नाही. त्यांनी पाहिलं तर माझी गच्छंती. चहा केलाय, धुरावलेले हिरवे सोयाबीनचे दाणे घातलेत, तुम्हाला आवडतात तसे. वर जाऊन निवांत प्या.

बाई : वर टेबल नाही. पलंग आहे, औषधाच्या बाटल्या आहेत आणि एक खिडकी आहे, तीही भिंतीकडे उघडणारी. सत्त्याऐंशीव्या वर्षी मी माझ्याच घरात पाहुणी झाले. पाहुणीला निदान दिवाणखान्यात तरी बसवतात. बाहेरची पाटी वाचलीस?

रुईफांग : वाचली की. ‘लेखिका इन सूवेन यांचं पूर्वीचं निवासस्थान.’

बाई : आपल्या चिनी लिपीत त्या ‘पूर्वीचं’च्या अक्षराचा अर्थ ‘दिवंगताचं’ असाही होतो. जिवंत माणसाच्या घराला वेगळं अक्षर आहे. भाच्याला, हांगशंगला, ते चांगलं ठाऊक आहे, मीच शिकवलंय त्याला.

रुईफांग : ते म्हणाले, पाटी आधीच कोरून झाली होती. मोठ्या माणसाच्या हातचं अक्षर आहे, बदला म्हणायचं कुणी?

बाई : बरोबर आहे. पाटी बदलण्यापेक्षा मी बदलणं सोपं.

रुईफांग : असं अभद्र बोलू नका हो सकाळी सकाळी. बसा मग पाच मिनिटं. मलाही तुम्हाला एक विचारायचंय. साहेबांसमोर विचारता येणार नाही.

बाई : विचार.

रुईफांग : महिनाभर मी तुमच्या हस्तलिखिताच्या या काचेसमोर उभी राहून माझं भाषण घोकतेय. ‘एकोणीसशे छप्पन साली याच टेबलावर बाईंनी आपली अजरामर कादंबरी तुतीची वाट लिहिली.’ भाषण पाठ झालं, मग नुसतं उभं राहून काय करणार? मी पानं बघत बसते. तुती हे अक्षर तर जवळपास प्रत्येक पानावर आहे. आणि बाई, तुम्ही ते चुकीचं लिहिलंय.

बाई : असं?

रुईफांग : वर तीन हात, खाली झाड, दहा रेघा. तुम्ही नऊच काढल्यात. झाडाची उजवी फांदीच नाही. मी म्हटलं, लिहायच्या घाईत राहिली असेल. पण बावीस प्रकरणांत एकदाही ती फांदी नाही, आणि शेवटच्या तेविसाव्या प्रकरणात एकदाही सुटलेली नाही. घाई अशी ठरवून असते का?

बाई : दोन प्राध्यापकांनी माझ्यावर जाडजूड पुस्तकं लिहिलीत. वर्ष-वर्ष या पानांवर डोकं खुपसून बसले होते. त्यांना दिसलं नाही ते.

रुईफांग : ते काय लिहिलंय ते वाचत असतील. मी वाचून वाचून कंटाळले म्हणून अक्षरं बघायला लागले.

बाई : माझ्या आईचं नाव होतं ते. ‘सांग’ म्हणायचे तिला, म्हणजे तुती. रेशीमकिड्यांच्या हंगामात जन्मली म्हणून ठेवलेलं. माझे वडील जुन्या वळणाचे पंतोजी. आईबापाचं नाव पूर्ण लिहायचं नाही, एक रेघ सोडायची, हे त्यांनी मला सहाव्या वर्षी छडी हातात घेऊन शिकवलं. नंतर सगळी जुनी खुळं मी टाकून दिली. पाय लहान राहावेत म्हणून बांधून घेतले नाहीत, केस कापले, ठरवलेल्या घरी लग्न केलं नाही. एवढं एकच राहिलं. हातच जात नाही त्या रेघेकडे.

रुईफांग : मग शेवटच्या प्रकरणात कसा गेला?

बाई : तूच सांग.

रुईफांग : बाई... ती शेवटची चौदा पानं तुमची नाहीत?

बाई : दार लावून घे.

रुईफांग : लावलंय.

बाई : मी बाड प्रकाशनाच्या कचेरीत नेऊन दिलं तेव्हा तिथल्या लोकांनी चहा पाजला, कौतुक केलं आणि म्हणाले, तुम्ही थकलाय, जरा विश्रांती घ्या, शेवटाचं आम्ही बघतो. त्यांच्याकडे एक नकलनवीस होता. त्यानं माझं अक्षर हुबेहूब उचललं. माझं मलाही पटलं असतं. पण माझ्या आईचं नाव त्याला कोण सांगणार? त्यानं बापड्यानं फांदी काढली.

रुईफांग : आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?

बाई : नाही. त्याचीच लाज वाटते. कुणी गळा धरला नव्हता माझा. मी घरी आले, भात शिजवला, जेवले आणि गप्प बसले. पुस्तक गाजलं तेव्हाही गप्प बसले. मग गप्प बसायची सवयच लागली.

रुईफांग : पण तेच शेवटचं प्रकरण तर धडा म्हणून आहे चौथीला. मी पाठ केलाय. ‘आयिंग हसत हसत गिरणीच्या फाटकातून आत शिरली आणि तिच्यामागे साऱ्या जणी गाऊ लागल्या.’

बाई : दिवसभर उकळत्या पाण्यातून कोश काढून जिच्या बोटांची सालं निघालीत, ती हसत हसत आत शिरेल?

रुईफांग : मग तुमची आयिंग काय करते?

बाई : हाताला फडकं गुंडाळते आणि सकाळच्या नावेत बसते. वळून बघत नाही. बास.

रुईफांग : कुठं जाते?

बाई : मला नाही माहीत. लिहितानाही मी तिला विचारलं नाही. ती सुटली एवढंच मला हवं होतं. त्यांनी परत केलेली ती पानं मी नंतर चुलीत घातली. नको तेव्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. महिनाभर रोज सकाळी इथं बसून तीच पुन्हा लिहायला बघतेय. तीन ओळी झाल्यात. हात साथ देत नाही आणि आठवतही नाही नीट. निदान ही चौदा पानं तरी काढ तिथून. किल्ली तुझ्याकडे आहे.

रुईफांग : माझ्या हातानं? बाई, उद्या शाळेतली शंभर मुलं तेवढंच बघायला येणारेत. किल्ली माझ्याकडे आहे म्हणजे पहिली मान माझी. गाडी थांबली वाटतं. उठा, उठा.

बाई : नाही उठत.

(हांगशंग येतो. हातात पुठ्ठ्याची लांबट पेटी.)

हांगशंग : आत्या, तू खाली? रुईफांग, मी काय सांगितलं होतं?

बाई : तिला बोलू नकोस. मी ऐकत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

हांगशंग : असू दे, बरंच झालं भेटलीस. एक छोटं काम आहे. वरून पत्र आलंय, मूळ हस्तलिखित म्हणून नोंद व्हायची तर लेखकाचा दाखला हवा. हातानं लिहिलेला, आजच्या तारखेचा. हा बघ कागद, ब्रशही आणलाय. ‘तुतीची वाट हे हस्तलिखित पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्या हातचं आहे.’ खाली नाव. एवढंच. उद्या चौकटीत लावायचंय.

बाई : आणि मग?

हांगशंग : मग जेवून निघू. तळ्याकाठच्या आरोग्यधामात खोली घेतलीय तुझ्यासाठी. मोकळी हवा, पायाखाली गवत. इथं उद्यापासून नुसती वर्दळ, तुला सोसायची नाही.

बाई : किती दिवस?

हांगशंग : पंधरा. बघू मग.

बाई : हांगशंग, शेवटची चौदा पानं माझ्या हातची नाहीत.

हांगशंग : हळू बोल. ती पोरगी आहे इथं.

बाई : म्हणजे तुला ठाऊक आहे.

हांगशंग : बाबांनी मरताना सांगितलं. शेवट तुझा नाही एवढंच. आत्या, त्या काळात कुणाचं काय बदललं नाही? मला हौस आहे का या सगळ्याची? ही गल्ली पाडायच्या यादीत होती. कालव्यापलीकडची घरं गेली तेव्हा तू खिडकीत उभी होतीस. आपली गल्ली कशामुळं राहिली? त्या धड्यामुळं. गावोगावची पोरं तो पाठ म्हणतात म्हणून. दाखला नसला की नोंद नाही, नोंद नसली की हे घर नाही, आणि हे गेलं की बाकीची अकरा कशी राहतील? शेजारच्या टोफूवाल्या वेई काकूंना तूच जाऊन सांग.

बाई : तेव्हा त्यांनी मला नुसतं गप्प बसायला सांगितलं होतं. तू लिहून मागतोयस.

हांगशंग : हो, मागतोय. आई गेल्यावर तू मला याच खोलीत वाढवलंस. ही खोली पाडली तर मला काय वाटेल असं वाटतं तुला? मी कारकुनासारखा बोलतोय, कळतंय मला. दुसरं कसं बोलू ते मला येत नाही.

बाई : नाही लिहिलं तर?

हांगशंग : तरी आरोग्यधामात जावं लागेलच. मग परतायला घर नसेल.

बाई : सगळ्या बाजूंनी भिंत बांधलीस की रे.

हांगशंग : मी नाही बांधली, आत्या.

बाई : नाही. पहिली वीट माझीच आहे. आण तो कागद. पण मी इथंच लिहिणार, माझ्या टेबलावर. सतरा नंबरच्या खुर्चीत.

हांगशंग : बस, बस. रुईफांग, शाई घोट.

रुईफांग : बाई, खरंच लिहिताय?

बाई : तू शाई दाट घोट. मला ठळक लिहायचंय.

रुईफांग : घ्या.

बाई : कागद धर जरा. सरकतो तो.

हांगशंग : सावकाश. घाई नाही. ‘पहिल्या पानापासून’... हं. छान. अजून काय सुरेख अक्षर आहे तुझं. आत्या, इथं चूक झालीय. तुतीची शेवटची रेघ राहिली.

बाई : राहिली का? वय झालं रे.

हांगशंग : आण, मी भरतो. पटकन होईल.

बाई : दाखला माझ्या हातचा हवाय ना? त्यात दुसऱ्याच्या हातची रेघ आली तर तो खोटा ठरेल.

हांगशंग : तेही खरंच. नवा कागद देऊ?

बाई : माझ्यात दुसऱ्यांदा लिहायची ताकद नाही आता.

हांगशंग : राहू दे मग. एका रेघेकडे कोण बघतंय. वाळू दे तो. मी वरून तुझी औषधं नि गरम कपडे घेतो. रुईफांग, काचवाला आला की हा कागद त्याच्याकडून चौकटीत बसवून घे.

रुईफांग : हो, साहेब.

बाई : गेला?

रुईफांग : जिना चढतायत. कागद वाळत ठेवलाय.

बाई : बरं. चहा दे तो, गार झाला असला तरी चालेल.

रुईफांग : घ्या. दाणे खाली बसलेत, ढवळून प्या. तुम्ही परत याल ना?

बाई : बाहेरची पाटी वाचलीस ना तू?

रुईफांग : रडवू नका हो. साहेबांनी चौकट दारावर उंच लावायला सांगितलंय.

बाई : उंच नको. खाली लाव, त्या चौदा पानांना लागून. कुणी विचारलं तर सांग, दाराला खिळा बसत नव्हता.

रुईफांग : खाली फक्त मुलांनाच दिसेल ती. चौथीची मुलं आहेत बाई, त्यांना काय कळणार?

बाई : चौथीची मुलं अजून रेघा मोजतात.