उर्वशीची गाडी

अड्याळहून भंडाऱ्याला निघालेल्या बसमध्ये रिताच्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“पोरीचं लगन परवा, अन् तुमी गाडीचे पार्ट आनाले निघाले!”

“उर्वशीची माय, आपली घरी बनवलेली स्पोर्ट्स कार असताना पोरगी भाड्याच्या गाडीत सासरी जाईन का?”

“तिच्यात सीटा दोनच. नवरी-नवरदेव बसले, त चालवन कोन?”

“उर्वशी. इंजिन तिनंच बसवलं माह्यासंगं.”

“नवरी सोता चालवन? अन् जावई?”

“बाजूले बसतो म्हने.”

“मंग गाडी वापस कधी आनान?”

“वापस नाही आनत. पोरीले मायेरी यावं वाटलं, त तिनं कोनाची वाट कायले पाहाची?”

रिताला वाटलं, बाई आता भांडणार. पण ती हळूच म्हणाली,

“मंग बिरेक नवेच घ्या.”