अब्बांचं ग्लायडर हरवल्याबाबत

मी रियाज हमीद नालबंद, वय २४ वर्षे, धंदा एसी फिटिंग, सध्या नोकरी मस्कत, राहणार कसबा पेठ, पुणे. शिक्षण आठवी नापास.

कर्वेनगर चौकीत समक्ष हजर होऊन सांगतो की, माझे वडील हमीद हे सुतारकाम करायचे. बाल्साच्या हलक्या लाकडाची बिनइंजिनाची विमानं, म्हणजे ग्लायडर, करायचा त्यांना नाद होता. ते वारले तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. मातीला मी नव्हतो. काल चाळिसावा होता, त्याला आलो.

अम्मीने एक ग्लायडर हातात दिलं. अब्बांनी माझ्यासाठी करून ठेवलेलं, एकदाही न उडवलेलं. त्याचा पंख नव्या घाटाचा होता. पुढची कड गोल, मागची कागदासारखी पातळ, खालची बाजू घासून घासून पोकळ केलेली. अब्बा फोनवर म्हणाले होते, "पुराना सपाट था, फट से नीचे आता था. ये उतरताच नै. बत्ती लगाए बगैर छोडनाच नको." बत्ती म्हणजे शेपटीच्या रबराला अडकवलेला अगरबत्तीचा तुकडा. तो जळत आला की रबर तुटतं, शेपटी वर उचलली जाते आणि विमान खाली येतं.

आज सकाळी मी कबरस्तानात गेलो आणि तिथून मित्र माधवबरोबर वेताळ टेकडीवर. माधव म्हणाला, "अरे, बत्ती?" पुडा खिशात होता. पण त्यातलीच अगरबत्ती मी कबरीवर लावून आलो होतो, तीच विमान उतरवायला लावायचं मन होईना. "राहू दे," म्हणालो आणि सोडलं.

ऊन तापलं होतं. वर जाणाऱ्या गरम हवेत ते सापडलं. गोल गोल चढत गेलं, घारीएवढं झालं, मग कर्वेनगरच्या बाजूला दिसेनासं झालं. माधव म्हणाला, "काय पंख बनवलाय रे काकांनी." आम्ही सोसायट्यांच्या गच्च्या पाहत फिरलो. एका वॉचमनने विचारलं, "किती माणसं होती विमानात?"

माझा कोणावर संशय नाही. साहेब म्हणाले, "मग तक्रार काय वाऱ्याविरुद्ध घेऊ?" तक्रार नाही. कोणी आणून दिलं तर ठेवून घ्यावं एवढंच. मोडलेलं चालेल. नुसता पंख असला तरी चालेल.

पंखावर अब्बांनी स्वतःच्या हाताने त्यांचा मोबाईल नंबर लिहिला आहे. तो मोबाईल आता माझ्याकडे आहे. मघाशी एका बाईंचा फोन आला, दरवाजा घासायचाय, हमीदभाई कधी येतील. मी म्हणालो, नाही येणार. परवा मी मस्कतला जातो. हा फोन बरोबर नेतोय. चालूच ठेवणार.

वरचं सगळं साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोललो तसंच आहे, म्हणून खाली सही केली.