सोडा कोण ओतणार

बिलाच्या रांगेत शिक्षिकाबाईंच्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या; धाकटीच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा अजून होता. थोरलीच्या ट्रॉलीत दोन अननस, ढीगभर संत्री आणि सोड्याच्या बाटल्या. सुट्टीत घरी सगळा गोतावळा जमणार होता. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि कान तिकडे लावले.

“ताई, रागावू नका, पण सगळे म्हणतात, फ्रूट पंच करावा तर सासूबाईंनीच.”

“अठरा वर्षं सासूबाई फक्त शेवटचा सोडा ओतायच्या. तोही पाहुण्यांसमोर.”

“म्हणजे?”

“फळं मी चिरायची, रस मी गाळायचा, आलं मी किसायचं.”

“अगंबाई! मग बोलायचं नाही का?”

“त्या होत्या तोवर त्यांचा मान राखला. त्या गेल्यावर, मागच्या वर्षी बोलले.”

“भाऊजी काय म्हणाले?”

“म्हणाले, गेलेल्या माणसाचं श्रेय लाटतेस, लाज नाही वाटत?”

“मग यंदा कशाला हा घाट?”

“नाही घातला तर म्हणतील, सासूने डोळे मिटले आणि हिने हात झटकले.”

रांग पुढे सरकली. धाकटीने ट्रॉलीतली सोड्याची बाटली उचलून नीट उभी केली.

“ताई, मग यंदा सगळ्यांसमोर सोडा मी ओतू?”