वाकलेली चासी

(शनिवार सकाळ. विक्रांत आणि सुलेखा सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात, कॉन्डोतल्या आपल्या फ्लॅटमध्ये. मुलगी राधिका व्हिडिओ कॉलवर, पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या एका भंगार यार्डात. जुन्या गाडीच्या बॉडीखाली पिकअपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बसवून घरी हॉट रॉड बनवायचा बेत आहे.)

विक्रांत : पुन्हा मोज. टेप सैल राहिली असेल.

राधिका : बाबा, दोनदा मोजलं. गाडीखाली झोपून मोजलं. एक टोक बोल्टला अडकवलंय, टेप सैल कशी राहील?

विक्रांत : पुढचा डावा बोल्ट ते मागचा उजवा. मग पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्ही तिरक्या रेषा सारख्या यायला हव्यात.

राधिका : नाही येत. चांगला बोटभर फरक आहे. आणि चासीच्या पुढच्या पट्टीला सुरकुती दिसतेय, वरून ताजा काळा रंग मारलाय. हा निळा पिकअप कुठेतरी जोरात ठोकलाय.

सुलेखा : मग झालं की. नको तो निळा. दुसरा पांढरा आहे ना तिथे?

विक्रांत : सुलेखा, पांढऱ्याची चासी वीतभर लांब आहे. आपल्याकडची बॉडी अडतीस सालची, तिच्याखाली ती बसणारच नाही. मधून कापायची, जोडायची, पुन्हा सरळ करायची. निळ्याचा व्हीलबेस, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, बरोब्बर जुळतो. बॉडी उचलून ठेवली की बसली.

राधिका : जुळतो, पण वाकडा आहे.

विक्रांत : थोडा वाकडा आहे. गरम करून सरळ करू. घे तो.

राधिका : बाबा, सीरियसली? वाकलेल्या चासीवर वेळ घालवायचा नाही, हे मला तूच शिकवलंस ना?

विक्रांत : तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

राधिका : काय वेगळं होतं? ही गाडी सिंगापूरच्या रस्त्यावर तर येणारच नाहीये. इथल्या पामच्या इस्टेटमधल्या मातीच्या रस्त्यावरच फिरवायची ना? मग घाई कसली? यार्डवाले अंकल लिम विचारतायत, क्रेनवाला हॉर्न मारतोय. जेवणानंतर दुसरं गिऱ्हाईक येतंय. डिसाइड कर लाह!

विक्रांत : सांगितलं ना, निळा घे.

सुलेखा : आणि चालताना ती गाडी एका बाजूला ओढायला लागली तर? धरणार कोण?

विक्रांत : सुलेखा, नको.

सुलेखा : नको काय? ती तिकडे उन्हात गाडीखाली झोपतेय आणि आपण तिच्याशी खोटं बोलतोय.

राधिका : काय खोटं? आई?

सुलेखा : पाठ दुखत नाहीये त्याची. पाठीमुळे घरी थांबलेला नाही तो.

राधिका : मग?

सुलेखा : तू सांगतोस की मी सांगू?

विक्रांत : ...उजवा हात थरथरतो माझा. शर्टाची बटणं लावता येत नाहीत कधीकधी. डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात.

राधिका : कधीपासून?

विक्रांत : दिवाळीच्या आधीपासून. तुझी नवी नोकरी होती, म्हटलं जरा थांबू.

राधिका : मी याच शहरात, क्लेमेंटीला राहते, बाबा. चंद्रावर नाही.

विक्रांत : माहितीये.

राधिका : म्हणून हा निळा?

विक्रांत : कापाकापीत वर्ष जाईल, राधिका. वर्षाने हात कसा असेल हे कुणी सांगायला तयार नाही. बॉडी बसली असती तर निदान एकदा तरी...

सुलेखा : पाणी पी जरा.

विक्रांत : नकोय मला पाणी. राधिका? दिसत नाहीयेस तू. गेलीस कुठे?

राधिका : इथेच आहे. थांब. पांढऱ्यात बसलेय. अंकलनी इंजिन चालू करून दिलंय. हा आवाज ऐक.

विक्रांत : बरा आहे. थोडा खरखरतोय.

राधिका : पॉवर स्टिअरिंग आहे. हे बघ, तळव्याने फिरतंय, एका हाताने. आणि गिअर ऑटो. हे सगळं चासीबरोबर आपल्या गाडीत येईल.

विक्रांत : हॉट रॉडला ऑटो गिअर! लोक हसतील.

राधिका : हसू देत. कापायचं, वेल्डिंगचं मी बघते. दर शनिवारी येईन. वर्ष लागणार नाही, आणि लागलं तरी ही तुला चालवता येईल. निळा उद्या तयार झाला तरी मी तुला त्यात बसू देणार नाही.

सुलेखा : मीही नाही.

विक्रांत : ...मागच्या पट्ट्या बघितल्यास? आतून गंज?

राधिका : वरवरचा. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, आत जात नाही.

विक्रांत : तिरकी मापं?

राधिका : सारखी. आल्या आल्याच घेतली होती. तू निळ्याचंच विचारत होतास.

विक्रांत : परत घे.

राधिका : बाबा...

विक्रांत : घे गं. माझं समाधान होऊ दे.

सुलेखा : घे बाई. नाहीतर दिवसभर मला विचारत बसेल.

राधिका : थांबा... एक बाजू झाली... हां. सारखी. अगदी सारखी.

विक्रांत : मग पांढरा घे.

राधिका : नक्की? क्रेनवाल्याला सांगू?

विक्रांत : सांग. साखळी चासीलाच बांधायला लाव, अ‍ॅक्सलला नको. आणि उचलताना तू खाली उभी राहू नकोस.

राधिका : नाही राहत. तू फोन ठेवू नकोस.

विक्रांत : नाही ठेवत.